टोंकखुर्दपर्यंतची गोष्ट

मोरोपंतांच्या गाडीत बसायला जागा नसली तर मी उभ्यानं जाते, पण दुसऱ्या गाडीत पाय ठेवत नाही. माझी नोकरी सोनकच्छच्या बँकेत आणि घर देवासला, म्हणजे मी पक्की अप-डाउनवाली. भोपाळ रोडनं सरळ जाणाऱ्या चांगल्या गाड्या आहेत, त्या लवकर पोचवतात, त्यांच्या गाद्याही मऊ आहेत. मोरोपंतांची गाडी टोंकखुर्दवरून वळसा घालून जाते, खिडक्या खडखडतात आणि मागं दुधाच्या रिकाम्या कॅन एकमेकींवर आदळत असतात. आई म्हणते, "रुची, तुझं डोकं फिरलंय." फिरलंच आहे. पण आईनं मोरोपंतांची गोष्ट ऐकलेली नाही, त्यामुळे या बाबतीत तिच्या मताला मी किंमत देत नाही.

मोरोपंत हे नाव एखाद्या दिवाणाला शोभेल असं, आणि माणूस कंडक्टर. पन्नाशी उलटलेली, उंची बेताची, मिशी मात्र भरघोस. गाडीत सगळे त्यांना मोरूभिया म्हणतात, मी मोरोकाका म्हणते. गाडी स्टँडातून निघाली, तिकिटं फाडून झाली, की ते ड्रायव्हरच्या मागच्या दांड्याला पाठ टेकून आमच्याकडे तोंड करतात आणि घसा खाकरतात. अख्खी गाडी गप्प. फोनवर तावातावानं भांडणारेसुद्धा "बाद में करता हूँ" म्हणून फोन ठेवून देतात. बँकेच्या मीटिंगमध्ये मी मोठमोठ्या साहेबांना बोलताना ऐकलंय, पण अशी शांतता त्यांच्यापैकी कुणाच्या नशिबात नाही.

हे त्यांच्या घरातच आहे. त्यांचे पणजोबा संस्थानात नगारा वाजवायचे. आमचं देवास म्हणजे एका गावात दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या अलीकडे एकाचा अंमल, पलीकडे दुसऱ्याचा. पणजोबा थोरल्या पातीचे आणि पणजीचं माहेर धाकट्या पातीच्या चाकरीत. त्यामुळे घरात कुठलाही जुना किस्सा निघाला की तो दोन तऱ्हांनी सांगितला जायचा, आणि दोन्ही तऱ्हा ऐकल्याशिवाय पोरांना पानावरून उठू द्यायचे नाहीत. अजूनही कुणाचं भांडण कानावर आलं की मोरोकाकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ही थोरल्या पातीची गोष्ट, का धाकट्या पातीची?"

तर त्यांची सगळ्यात गाजलेली गोष्ट म्हणजे पिवळ्या कोठीची.

टोंकखुर्द यायच्या जरा आधी रस्ता एक मोठं वळण घेतो. वळण संपलं की डाव्या हाताला सोयाबीनच्या शेतांमध्ये एकटीच उभी असलेली दुमजली पिवळी कोठी दिसते. ती बरीच वर्षं रिकामी होती. रिकामं घर रोज डोळ्यांसमोरून जातंय आणि मोरोकाका गप्प बसलेत, हे होणं शक्यच नव्हतं. त्यांनी तिच्यात एक बाई आणून ठेवली.

ते सांगतात हिंदीत, रंगात आले की माळवीत. मी आपल्या भाषेत देते. "मी नवा पटवारी. जमीन मोजायला आलो आणि दिवस मावळला. कोठीत एक बाई राहत होती. उंच, सावळी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा." इथं मोरोकाका डिक्कीच्या किल्ल्या खिशातून काढून हळूच वाजवतात, छन्‌ छन्‌ छन्‌. "तिनं मला जेवायला बसवलं. दोन ताटं वाढली. मी तर एकटाच होतो! दुसरं ताट घेऊन ती जिना चढून गेली. वर कुलूप उघडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं रिकामं ताट घेऊन खाली आली. मी विचारलं, वर कोण असतं? ती म्हणाली, कुणीच नाही."

हे ऐकताना मी बॅगेचा पट्टा घट्ट धरून ठेवते. किती वेळा ऐकलंय, तरीही! गंमत अशी की पटवाऱ्याला जेवढं दिसतं तेवढंच आम्हाला दिसतं, आणि पटवारी आहे एक नंबरचा भित्रा. बाई हसली की त्याला तिचे दात दिसतात. बाई गप्प बसली की त्याला वाटतं, ही आपला बेत करतेय. त्यानं बाईला सरळ काही विचारलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती, पण तो विचारत नाही, आणि आम्हीही त्याच्याबरोबर जिन्याखाली अंधारात उभे राहतो. मोरोकाका वेळ अशी साधतात की वळण येतं, गाडी कलते, आणि ते नेमकं तेव्हाच हात डावीकडे करून म्हणतात, "आणि वरच्या खिडकीत..." समोर कोठी! बाया पदर तोंडाला लावतात. माझ्या अंगावर काटा येतो.

मग टोंकखुर्द येतं आणि अर्धी गाडी उतरून जाते.

ही अर्धी गाडी म्हणजे टोंकखुर्दचे दूधवाले आणि भाजीवाल्या. पहाटेच्या गाडीनं माल घेऊन देवासला यायचं आणि विकून झाल्यावर आमच्या गाडीनं घरी परतायचं, हा त्यांचा रोजचा क्रम. त्यांची गोष्ट जिन्याखाली संपते. पुढं सोनकच्छपर्यंत उरतो आम्ही, बँकवाले, तहसीलवाले आणि शाळामास्तर. आम्हाला दुसरा भाग मिळतो, आणि त्यात मोरोकाका एकदम आवाज बदलतात. "मी ती बाई," असं म्हणून सुरुवात करतात. माझ्या नवऱ्याला झटके येतात. गाव म्हणतं त्याच्या अंगात शिरलंय, बांधा, मारा. म्हणून मी त्याला वर ठेवलंय, कुणाला सांगत नाही, आणि हा पटवारी सारखा जिन्याकडे बघतोय. याला कळलं तर उद्या गाव दारात उभं राहील. माझा जीव थरथरतोय आणि मला हसून वाढावं लागतंय.

हा भाग खरं म्हणजे सुमंगलाकाकूंचा. मोरोकाका प्रत्येक गोष्ट आधी बायकोला ऐकवतात. काकूंनी पोळ्या लाटता लाटता पटवाऱ्याचा भाग ऐकला आणि लाटणं खाली ठेवून विचारलं, "आणि ती बाई काय म्हणते? तिला कुणी विचारलं का?" काका म्हणाले, "ती कशाला बोलेल?" काकू म्हणाल्या, "मग मी बोलते." आणि बोलल्या. म्हणून आमच्या मास्तरांपैकी एकजण सोनकच्छ येईस्तोवर रुमाल ओला करतो.

याचा परिणाम काय झाला असेल? टोंकखुर्दमध्ये ती बाई डाकण, म्हणजे चेटकीण, आणि सोनकच्छमध्ये ती सती सावित्री. एकदा बाजारात आमचा मास्तर आणि टोंकखुर्दचा एक दूधवाला यांची हमरीतुमरी झाली. हा म्हणतो, ती देवी आहे. तो म्हणतो, मास्तर, तुझ्यावर तिनं काहीतरी करून ठेवलंय. बाई मुळात नाहीच, हे दोघांच्याही लक्षात नव्हतं! मोरोकाकांना ही हकिगत कळली तेव्हा ते आठवडाभर मिशीला पीळ देत हिंडत होते.

आणि यंदा राखीच्या सुमारास ती बाई खरोखरच आली.

आम्ही वळणावर आलो, काकांनी हात डावीकडे केला, "आणि वरच्या खिडकीत..." म्हणाले, आणि वरच्या खिडकीत एक बाई उभी होती. उंच. केस मोकळे. गाडीत जी किंकाळी उठली ती ऐकून ड्रायव्हर धीरजनं ब्रेक मारला आणि सगळ्या कॅन पुढं आल्या. मीही ओरडले, उगाच कशाला लपवू? टोंकखुर्दवाले उतरल्यावर मोरोकाका माझ्या सीटपाशी आले. डोळे नुसते चमकत होते. "रुची, बघितलंस? माझी बाई आली! कसम से, जशी मी सांगितली तश्शी!"

दुसऱ्या दिवशीही ती होती. तिसऱ्याही. आम्ही जायच्या वेळेला बरोबर खिडकीत, गाडीकडे टक लावून. एकदा अंगणात दिसली, तेव्हा कमरेला खरोखरच किल्ल्यांचा जुडगा होता. मोरोकाकांना आवरणार कोण! पटवाऱ्याच्या गोष्टीत रोज नवी भर पडू लागली. बाई केस वाळवायला उभी राहते. बाई रोज त्याच वेळी रस्त्याकडे बघते, कारण तिला नवा पटवारी हवाय. मला खूप मजा येत होती. फाटकावर एक पाटी लागलेली दिसायची, पण धावत्या गाडीतून ती वाचता यायची नाही, आणि उतरून वाचायला कुणाची छाती होती?

सगळ्यात जास्त घाबरायची गेंदाबाई. टोंकखुर्दची भाजीवाली, आवाज असा की गाडीचा हॉर्न फिका पडावा. तिची सून शेतावर जाते, म्हणून तीन वर्षांची नात, गोलू, आजीबरोबर देवासचा बाजार करते. पहाटे पेंगत जायचं, दिवस वर येईस्तोवर भाजीच्या टोपल्यांमध्ये बसायचं, आणि परत येताना रिकाम्या टोपलीत झोपायचं. कोठी आली की गेंदाबाई गोलूच्या डोक्यावर पदर टाकायची आणि म्हणायची, "मत देख, बई. डाकण छोरा-छोरी होन के देखे है."

नवरात्र झालं, आणि एका सकाळी त्या वळणावरच गाडीचा पाइप फुटला. समोरून वाफ, धीरजच्या तोंडात शिव्या, आणि गाडी उभी राहिली ती नेमकी पिवळ्या कोठीच्या दारात.

धीरजनं कुठलीशी पट्टी गुंडाळून पाइप बांधला आणि म्हणाला, "पानी चाहिये. सामने से ले आओ कोई." कोणी हललं नाही. "थे जाओ मोरूभिया," गेंदाबाई म्हणाली, "हूं नी जऊं." बाकीच्यांनीही मोरोकाकांकडे पाहिलं. काकांनी कॅन उचलली, फाटकापर्यंत गेले आणि मागं वळून मला म्हणाले, "रुची, तू पण चल ना." स्वतः तयार केलेल्या भुताला घाबरणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. मला हसू आवरेना, मी त्यांच्यामागोमाग निघाले.

फाटकावरची पाटी वाचली आणि हसू गेलं. पाटीवर हिंदीत लिहिलं होतं, "नन्हे बच्चों का घर". खाली झोका रंगवलेला.

दार उघडंच होतं. आत लहान लहान लाल खुर्च्या गोल मांडलेल्या. भिंतीवर हत्ती, मोर, बैलगाडी. एका कोपऱ्यात लाकडी घोडा, त्याच्या पाठीवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. जिन्यावरून किल्ल्या वाजल्या, छन्‌ छन्‌ छन्‌, आणि मोरोकाका चक्क माझ्या मागं सरकले.

"अगंबाई, या ना, या!" ती बाई धावतच खाली आली. मराठीत बोलत होती, जुन्या घरातली ठेवणीतली मराठी. "आपण गाडीतनं उतरलात ना? मी वरनं पाहिलं, आपलं मराठी बोलणंही कानावर आलं. बसावं. मूल कुठाय?"

"मूल?" मी विचारलं.

"नाव घालायला आलात ना?" तिचा चेहरा असा उजळला होता की मला खाली बघावं लागलं. मोरोकाकांनी कॅन पुढं केली. "बाई, पाणी पाहिजे होतं. गाडी गरम झालीय."

"हो का," ती म्हणाली, आणि तो उजेड गेला. पण पाहुणचार सुटला नाही. खाली नळाला पाणी नव्हतं म्हणून तिनं आम्हाला वर टाकीपाशी नेलं. कॅन भरेपर्यंत बोलत राहिली, कितीतरी दिवसांनी कुणी बोलायला मिळाल्यासारखी. नाव विद्युल्लता, माहेर-सासर दोन्ही धारचं. घराणं जुनं दरबारी, आता बहुतेक सगळे नोकऱ्यांत. यजमान गेले, मूलबाळ नाही. धारच्या शाळेत वर्षानुवर्षं लहान वर्गाला शिकवलं, आणि मनात एकच होतं, जिथं आया शेतावर जातात तिथं मुलांसाठी घर काढायचं. किल्ल्या खेळण्यांच्या कपाटांच्या. जुडगा कमरेला लावायची सवय आत्यांकडून लागलेली. "दिवाळीपर्यंत पाहीन," ती म्हणाली. "मालकांना कोठी सोयाबीन भरायला हवीय. एक तरी मूल आलं तर थांबतो म्हणालेत. एकही आलं नाही हो. मी घरोघर गेले, लोक दार लावून घेतात. धारला परत जाऊन सांगू काय?"

मोरोकाका खिडकीशी उभे होते. त्याच खिडकीशी. मीही तिथं गेले आणि खाली पाहिलं.

खाली आमची गाडी उभी होती. प्रत्येक खिडकीत एक चेहरा, प्रत्येक चेहरा वर आमच्याकडे वळलेला, तोंडं अर्धी उघडी, डोळे फाटलेले. कोणी बोलत नव्हतं, कोणी हलत नव्हतं. मी रोज त्यातलाच एक चेहरा असते. मला त्या गाडीची भीती वाटली, खरी भीती, पटवाऱ्याच्या गोष्टीत वाटते तिच्याहून जास्त.

"एक विचारू?" विद्युल्लताबाई आमच्या मागं येऊन उभ्या राहिल्या. "आपण गाडीचे, म्हणून विचारते. हे सगळे रोज असंच का पाहतात? मी खिडकीत येते ती एवढ्याचसाठी, की कुणी मूल घेऊन उतरतंय का. पहिल्या दिवशी मी हातसुद्धा केला होता. कुणी केला नाही. माझ्यात काही वाईट दिसतं का?"

मोरोपंतांना शब्द सापडला नाही. मोरोपंतांना! "नाही बाई," एवढंच कसंबसं म्हणाले, कॅन उचलली आणि पाणी सांडत जिना उतरले.

गाडी सुरू झाली. सगळे विचारत होते, आत काय होतं, ताटं किती होती. काका दांड्याला टेकून गप्प. टोंकखुर्द येईपर्यंत गाडीभर एकमत झालं, डाकणीनं मोरूभियाची वाचा नेली.

दुसऱ्या दिवशी काकांनी सरळ सांगून टाकलं. "सुनो, वो कहानी झूठी है. मैंने बनाई. वो मास्टरनी है, बच्चों का घर खोला है. भेजो बच्चों को." लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एक दूधवाला दबक्या आवाजात म्हणाला, "धमकायो है इनके." गेंदाबाईनं गोलूला घट्ट धरलं आणि काकांच्या हातात एक लिंबू ठेवलं, खिशात ठेवा म्हणाली. मी संतापले. इतकी संतापले की सोनकच्छला उतरताना काकांना म्हटलं, "दोन वर्षं तुम्ही आमच्या डोक्यात पटवारी बसवलात, आणि आता एका वाक्यात तो उठेल होय? पटवारी खरं बोलत होता का, हा प्रश्न कुणाला पडलेलाच नाही. लोकांनी त्याच्या डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही वरून ओरडून काय उपयोग?"

"मग काय करू गं?" काका रडवेले झाले होते. "दिवाळी तोंडावर आली."

"कोठीपाशी ओरडलो तरी आम्ही सोनकच्छवाले सोनकच्छ येईस्तोवर तिच्या बाजूचे का होतो? तुम्हीच सांगा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डोक्याला हात लावला. "तुम्ही दोन्ही पात्यांची ऐकलीत. त्यांना मी एकाच पातीची ऐकवत आलो." आणि रिकाम्या गाडीत चढून दारातूनच ओरडले, "रुची, उद्या सुट्टी घेऊ नकोस! खबरदार!"

रात्री काय झालं ते सुमंगलाकाकूंनी मला नंतर सांगितलं. काका स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "तू खिडकीत उभी आहेस. खाली गाडी आहे. बोल." काकू बोलत गेल्या आणि काका ऐकत गेले. जेवणं राहिली ती राहिलीच.

सकाळी गाडी भरली. काकांनी तिकिटं फाडली, दांड्याला पाठ टेकली, पण घसा खाकरला नाही. हळू आवाजात सुरुवात केली.

"मी भुतं पाहिलीत. रोज पाहते."

कॅन वाजत होत्या तेवढ्याच.

"नवी कहाणी?" कोणीतरी विचारलं. शेजारच्यानं त्याला दटावलं.

"मी एकटी राहते," काका बाईच्या आवाजात सांगू लागले. "गाव माझ्याशी बोलत नाही. का, ते मला ठाऊक नाही. मी वाईट काही केलेलं नाही. सकाळी उठते, झाडते, चूल पेटवते. दोन माणसांचं रांधते, न जाणो कुणी आलं तर. आणि रोज सकाळी, ऊन अंगणात आलं की, एक गाडी येते. तिच्यात भुतं असतात." गेंदाबाईनं गोलूला मांडीवर ओढलं. "गाडीभर भुतं. बाया आहेत, गडी आहेत, एक लहान भूतसुद्धा आहे, त्याच्या डोक्यावर पदर टाकलेला असतो. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. डोळे फाटलेले. एकही पापणी हलत नाही. मी काय केलंय यांचं? मी पहिल्या दिवशी घाबरत घाबरत हात केला. म्हटलं, माणसं असतील तर हात करतील. एकानंही केला नाही. तेव्हा मी ओळखलं, ही माणसं नाहीत."

मी सभोवार पाहिलं. दूधवाले पुढं वाकून ऐकत होते, अजून कुणाला काही कळलेलं नव्हतं. सगळे त्या बाईच्या बाजूनं उभे होते आणि गाडीतल्या भुतांना घाबरत होते! मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. धीरजसुद्धा गाडी इतकी हळू चालवत होता की मागून ट्रॅक्टर हॉर्न देत होता.

"तरी मी रोज खिडकीत येते," काका म्हणाले. "मला मुलं आवडतात. मला वाटतं, एक दिवस ही गाडी थांबेल आणि ते लहान भूत खाली उतरेल, आणि उतरलं की ते भूत राहणार नाही. मी त्याच्यासाठी लाकडी घोडा आणलाय. घोडा वाट बघतोय. आज पुन्हा ऊन अंगणात आलंय. वळणावर आवाज येतोय, कॅन वाजतायत. गाडी आली. आणि मी..."

गाडी कलली. वळण संपलं. काकांनी हात डावीकडे केला नाही. ते नुसते बाजूला झाले.

पिवळी कोठी. वरच्या खिडकीत ती उभी होती आणि खाली आमच्याकडे बघत होती.

"ए बई," गेंदाबाईचा तो हॉर्नसारखा आवाज पार चिरका निघाला, "ई तो अपण ज हां!" भुतं म्हणजे आपणच.

सगळे पुन्हा तसेच बघत होते, आणि आपण कसे बघतोय हे आता प्रत्येकाला दिसत होतं. एका दूधवाल्यानं मान खाली घातली. तेवढ्यात गोलूनं आजीचा पदर डोक्यावरून ओढून काढला आणि खिडकीतून इवलासा हात बाहेर काढून हलवला.

गेंदाबाईनं तो हात आत ओढला नाही. क्षणभर ती थांबली, मग तिनं स्वतःचा हात वर केला, काकडीच्या मातीनं माखलेला. मग मी. मग दूधवाले, धीरज, मागच्या बाकावरची सगळी मंडळी. डाव्या बाजूच्या खिडक्यांतून नुसते हात, आणि उजव्या बाजूचे लोक डाव्या बाजूच्यांच्या अंगावर चढून हात करत होते. मी तर दोन्ही हात हलवत होते आणि रडत होते, आणि मला त्याची काडीचीही लाज वाटत नव्हती.

वरची बाई खिडकीतून नाहीशी झाली.

खरं सांगते, सगळं माहीत असूनही माझ्या छातीत धस्स झालं. रिकामी खिडकी बघून गाडीनं श्वास रोखला. मोरोकाकांचा चेहरा पांढरा पडला होता.

"रोक रे गाडी!" गेंदाबाई ओरडली. धीरजनं ब्रेक मारला. ती टोपल्या तिथंच टाकून, गोलूला काखेत मारून खाली उतरली आणि फाटकाशी जाऊन उभी राहिली. तिथून पुढं मात्र तिचं पाऊल पडेना.

मग कोठीच्या आतून आवाज आला. छन्‌ छन्‌ छन्‌, जिन्यावरून, भराभर खाली येणारा. दोन वर्षं मोरोकाकांनी डिक्कीच्या किल्ल्या वाजवून आम्हाला ज्या आवाजानं घाबरवलं होतं, तोच. गाडीतल्या प्रत्येकाला तो पाठ होता. दार उघडलं, आणि विद्युल्लताबाई अनवाणी धावत बाहेर आल्या, केस मोकळे, पदर सुटलेला, किल्ल्या वाजतायत.

कोणीही किंचाळलं नाही. गोलूनं तो आवाज ऐकला, खुदकन हसली आणि आजीच्या काखेतून दोन्ही हात पुढं केले.